बारवेतली झोप

करमाडच्या अलीकडचा माळ,
छत्रपती संभाजीनगर.
वैशाख, ऊन डोक्यावर.

तीर्थरूप कडुबामामा यांना राजेंद्रचा सविनय जयभीम, आणि शालूमामींना वेगळा जयभीम. (मागच्या पत्रात दोघांना मिळून एकच घातला होता, तर मामींनी तक्रार केली की तो तुम्ही एकट्यानंच घेतला.)

आपली तब्येत कशी आहे? आपले गुडघे, आपले कान आणि परभणीचा नळ या तिघांची खुशाली कळवावी. इकडं सगळं ठीक आहे, म्हणजे घरातली सगळी माणसं जिवंत आहेत. एरवी हे वाक्य मी लिहिलं नसतं, या खेपेला मुद्दाम लिहितोय. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तुम्ही सकाळी सकाळी एक गुलाबाचं फूल पाठवून दिवसभर मोकळे होता. जे घडलं ते गुलाबाच्या फुलाखाली लिहिण्यासारखं नाही.

आधी माझ्या नोकरीचं स्पष्ट करतो, कारण दिवाळीत तुम्ही आल्या-गेल्या पाहुण्यांना ‘आमचा राजू गॅस एजन्सीत आहे’ असं सांगत होता. मामा, ही गॅस एजन्सी नाही. शेंद्र्याचे कारखाने मागं टाकून करमाडकडं निघालं की उजव्या हाताला उघडा माळ लागतो, त्या माळावर एका खासगी कंपनीचं प्रयोगकेंद्र आहे. मी तिथं भांडाराचं बघतो आणि आम्हाला राहायला तिथंच दोन खोल्या आहेत. माळभर आरशांच्या रांगा. सूर्य सरकेल तसे आरसे माना वळवतात, सगळे एकदम, आवाज न करता. (पहिला आठवडा मी त्यांच्याकडं पाठ करून डबा खात नव्हतो.) आरशांच्या मधोमध काचेच्या नळ्या, नळ्यांत काळपट हिरवी पूड. एका बाजूनं टाकीतला कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे चुली, मोटारी, कारखाने आणि तुम्ही-आम्ही जो बाहेर टाकतो तो. दुसऱ्या बाजूनं, उन्हाच्याच जोरावर पाण्यातून काढलेला हायड्रोजन. वरून ऊन. त्या पुडीवर दोघांची गाठ पडते आणि खालून थेंब थेंब इंधन गळतं, स्पिरिटसारखं, पाण्यासारखं स्वच्छ. पुडीला उत्प्रेरक म्हणतात. ती लग्नातल्या मध्यस्थासारखी असते, फरक इतकाच की ही जेवणावळीला थांबत नाही आणि नंतर भांडणातही पडत नाही.

हे सगळं मी आईला (तुमच्या अक्काला) घरी सोपं करून सांगितलं होतं. म्हटलं, आई, जळून गेलं की धूर उरतो ना, त्या धुराचं आम्ही उन्हानं परत जळण करतो. आई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, “जळून गेलेलं परत आणता म्हण की.” मी हो म्हणालो. घाईत होतो.

केंद्राच्या मुख्य आमच्या रत्नमाला मॅडम. पैठणच्या आहेत, परदेशात शिकून आल्या, आणि माणूस सरळ म्हणजे इतका सरळ की ‘भाजी कशी झाली’ असं निशानं विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. (माझ्या बायकोनं त्यानंतर कुणालाच भाजीबद्दल विचारलेलं नाही, मलाही नाही.) मॅडम आल्या त्या वर्षी पावसानं दगा दिला. शहरात आठवड्याला नळ, खालच्या वस्तीत टँकर, आणि आमच्या प्रयोगाला पाणी घागरीच्या मापानंच लागत असलं तरी यंदा माणसं घागरीवरच नजर ठेवून आहेत. त्यात वस्तीत कुणीतरी सांगितलं की हे आरसे ढगांना चटके देतात, म्हणून ढग इकडं फिरकत नाहीत. दोन माणसं दगड घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, दगड ठेवा, आणि उद्या दुपारी सगळी वस्ती घेऊन या, काय करतो ते दाखवते.

सगळी वस्ती आली. प्लॉटवाला साहेबरावही आला. हा माणूस माळाच्या उताराला चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकतो, आणि उताराच्या तळाला जी जुनी पायऱ्यांची बारव आहे तिच्या कडेला त्यानं ‘बारव व्ह्यू रेसिडेन्सी’ असा बोर्ड लावलाय. (व्ह्यू म्हणजे कोरड्या खड्ड्याचा, पण बोर्डावर त्यानं कमळं काढून घेतलीत.) मॅडमनी निशाची परात मागून घेतली, त्यात आमचं इंधन ओतलं आणि काडी ओढून टाकली. काडी विझली असं आम्हाला वाटलं. परातीत काहीच दिसत नव्हतं. साहेबराव हसला आणि हात घालून बघायला पुढं झाला, तर मॅडमनी त्याचा दंड धरला आणि परातीत वाळलं गवत टाकलं. गवत टोकाकडून काळं पडलं, वळलं, आणि नाहीसं झालं. जाळ नाही, धूर नाही, चटचट नाही. परातीवरची हवा फक्त थरथरत होती आणि पलीकडं उभी असलेली माणसं पाण्याखाली बुडाल्यासारखी हलत होती.

बिभीषण म्हणून एक धनगर आहे, शेळ्या राखतो, हंगामात ऊसतोडीला जातो. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “जाळ कुठंय, ताई?”

“आहे. या इंधनाचा जाळ उन्हात दिसत नाही.”

“मंग इझला हे कसं कळायचं?”

मॅडमनी परातीवर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, आता विझला. पण त्यानंतर कितीतरी वेळ सगळी वस्ती त्या झाकणाकडं बघत उभी होती. दगड परत कुणी आणले नाहीत, हे खरं. पण बाया घागर टेकवायच्या आधी जमिनीवर चिमूटभर गवत टाकून बघायला लागल्या. साहेबरावाचं एक गिऱ्हाईक प्लॉटवर उभं असताना एका म्हातारीनं त्याच्या पायाशी गवत टाकलं आणि निरखून पाहिलं. गिऱ्हाईक गेलं ते आलंच नाही. निशा ती परात अजून वापरत नाही. मी हसलो तिला, पण मीही त्यात हात घालत नाही.

आता बारवेकडं येतो, कारण हे सगळं पत्र तिकडंच उतरतंय. वस्तीची घरं पत्र्याची. चैत्रापासून दुपारी आत बसवत नाही, म्हणून बाया निवडणं-टिपणं घेऊन बारवेच्या पायऱ्यांवर बसतात. पाणी आटून दोन उन्हाळे झाले, पण दगडाची थंडी गेलेली नाही. आईला तिथं मैत्रिणी मिळाल्या. निजामाच्या काळापासूनच्या गप्पा तिथं चालतात आणि भिंतीच्या खबदाडांत पारवे घुमत असतात. बाबा गेल्यापासून आईला झोप नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डोळे मिटून पडते आणि आपण काय बोलतो ते सगळं ऐकते. पण बारवेवरून आली की तिचा चेहरा निवांत दिसायचा. आम्हाला बरं वाटलं.

मग एका दुपारी पारवे घुमेनासे झाले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. आवाज बंद झाला की माणसाला चुकल्यासारखं होतं, पण काय चुकलं ते कळत नाही, तसं झालं. खालच्या पायरीवर एक चिमणी मेलेली सापडली. उन्हाळा आहे, चिमण्या मरतात. एक कुत्रं थंडाव्याला तळाशी जाऊन निजलं ते हाका मारून उठेना, आणि कुणी खाली जाऊन बघितलंही नाही. बायांची डोकी दुखायला लागली, छातीत धडधड व्हायला लागली, तशा त्या एकेक पायरी वर सरकत गेल्या. सांगून-सवरून नाही. सगळ्या आपल्या बोलत बोलत वर. शेवटी त्या अगदी वरच्या पायऱ्यांवर उन्हात बसायला लागल्या आणि मधल्या सावलीत एकटी आई राहिली. निशानं विचारलं, तुम्ही वर का नाही येत? आई म्हणाली, “खाली बरं वाटतं. डोळा लागतो.” आणि दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता मला म्हणाली, “तुझे बाबा तळाच्या पायरीवर बसतात. बोलत नाहीत. नुसते बसतात.”

मामा, मी बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणणारा माणूस. भूतबाधा, देवदेवस्की माझ्या घरात चालत नाही. मी आईला म्हणालो, ऊन लागलंय तुला, आणि कांद्याचा रस दिला. (रस निशानं काढला, मी फक्त दिला.) पण त्या दिवसापासून मी भांडाराच्या खिडकीतून बारवेकडं बघणं बंद केलं, कारण तिकडचं गवत वारा नसताना जमिनीलगत उताराच्या दिशेनं हलतंय असं मला वाटायचं.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी पान हलत नव्हतं. जेवायला बोलवायला म्हणून निशा बारवेवर गेली आणि तिची किंकाळी मी भांडारात ऐकली. पळत गेलो. वरच्या बाया उभ्या राहून खाली बघत होत्या, एकही खाली जात नव्हती. आई मधल्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली, मान डुलत होती. आणि तळाशी बिभीषण आडवा, हात शेळीच्या अंगावर, शेळीही आडवी. बाया सांगत होत्या की शेळी खाली उतरली, तिला आणायला बिभीषण आईच्या अंगावरून गेला, वाकला आणि निजला. आईनं सगळं पाहिलं, पण तिनं हाक मारली नाही. मी वरून ओरडलो तर तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं, घरात कुणी झोपलं असलं की ठेवते तसं.

मी उडी घेणार तेवढ्यात मागून कॉलर धरली गेली. रत्नमाला मॅडम होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी एका बाईच्या हातातली चिंधी घेतली, काठीला बांधून पेटवली आणि दोरानं खाली सोडली. ज्वाला पिवळीधमक, उन्हातही दिसणारी. आईच्या पायापाशी पोचली आणि गेली. वाऱ्यानं विझते तशी फडफडली नाही, कुणी चिमटीत धरून मिटवल्यासारखी गेली. बायांनी एकदम श्वास घेतला. एकजण म्हणाली, “तो फुंकतोय खालून.”

“कुणी नाही फुंकत,” मॅडम म्हणाल्या. “तो आमचा वायू आहे. टाकीतून गळून इथं साठलाय. खाली हवाच नाही. राजेंद्र, श्वास धरता येतो का तुम्हाला?”

मी म्हणालो, येतो. (मामा, तुम्ही मला हर्सूलच्या तलावात पोहायला शिकवायला नेलं होतं आणि मी कपडे सांभाळत बसलो होतो, हे मॅडमना माहीत नव्हतं.) कमरेला तोच दोर बांधला, दुसरं टोक निशानं आणि बायांनी धरलं. छाती भरून घेतली आणि उतरलो. पाणी नाही, पण पाण्यात उतरल्यासारखंच वाटत होतं. घोट्यापाशी गार, गुडघ्यापाशी गार, आणि वरचे आवाज लांब लांब जात होते. आईला उचललं. हाडांचं माणूस, पण त्या वेळी ती स्वतःला जड करून घेत होती असं वाटलं. तिची बोटं पायरीच्या कडेला अडकली होती, ती सोडवावी लागली. वरच्या बायांच्या हातात तिला दिलं, पुन्हा छाती भरली आणि तळाला गेलो. बिभीषणाच्या काखेतून दोर घालताना गाठ नीट बसेना, आणि मामा, मी श्वास घेतला. एकच. नाकात गोळी सोड्यासारखं झोंबलं, आणि लगेच पाय माझे राहिले नाहीत. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. एवढंच आठवतं की बरं वाटलं.

आम्हा दोघांना वर ओढलं ते बायांनी. निशाच्या तळहातांची साल गेलीय. मॅडमनी बिभीषणाच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरला, सगळ्या वस्तीसमोर. तो खोकला तेव्हा त्याची बायको पुतळाबाई पहिल्यांदा रडली. सरकारी दवाखान्यात तो चार-सहा दिवस राहून घरी आला. डोकं दुखतं म्हणतो, पण माणसं ओळखतो. शेळी मात्र गेली.

टाकीचं असं झालं होतं. उसाच्या मळीपासून दारू गाळणाऱ्या एका कारखान्यातून आमचा कार्बन डायऑक्साइड वायू थंड करून, दाबून टँकरनं येतो आणि माळावरच्या टाकीत राहतो. ऊन चढलं की टाकीतला दाब वाढतो आणि झडप आपोआप थोडा वायू बाहेर सोडते. वाऱ्यानं तो उडून जाईल असं धरलं होतं. पण वारा पडला की तो हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीला धरून उताराला लागायचा, ना रंग ना वास, आणि बारवेत जाऊन बसायचा. मॅडमनी त्याच दुपारी टाकी बंद केली. सगळ्या खोल्यांतले कूलर गोळा केले, ताडपत्रीची लांब बाही शिवली आणि संध्याकाळपर्यंत बारवेत हवा कोंबली. (पाण्याअभावी महिनाभर बंद पडलेले कूलर शेवटी या कामाला आले.)

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्या वस्तीत गेल्या. मी म्हटलं, पोलीस घेऊन जाऊ. त्या नको म्हणाल्या. वस्तीसमोर उभ्या राहिल्या आणि सांगितलं की चूक आमची आहे, झडपेचं तोंड बारवेच्या बाजूला ठेवायला नको होतं, मी ते बघायला हवं होतं. टाकी रिकामी करते. पुन्हा भरायची ती माळाच्या पलीकडं नेऊन, उंच नळी लावून, आणि बारवेला कुंपण घालून, तेही तुम्ही हो म्हणालात तरच. मला वाटलं आता दगड येतील. दगड आले नाहीत. बिभीषणाचा म्हातारा चुलता उठून पुढं आला.

“भूत असतं तर बरं झालं असतं, बाई. त्याला काय द्यायचं ते ठरलेलं असतंय. ह्याला काय द्यावं?”

मॅडमनी वळून माळावरच्या टाकीकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “याच्यावर लक्ष ठेवायचं. दुसरं काही नाही.” वस्तीनं त्यावर पंधरवडाभर बोलून होकार दिला. बिभीषणाला केंद्रावर पहाऱ्याचं काम मिळालंय. तो दिवसभर टाकीच्या जागेकडं बघत बसतो. साहेबरावानं बोर्डावरचं ‘बारव’ खोडून ‘सनराइज’ लिहिलंय.

असो. पत्र लांबलं. काळजी करू नये. मी पूर्ण बरा आहे, निशाचे हात भरून येत आहेत, आई जेवतेय-खातेय. मामींना विचारलं म्हणून सांगावं, आणि पावसाचा एखादा शिंतोडा परभणीवर पडलाच तर तो आमच्याकडं ढकलावा.

आपला भाचा,
राजेंद्र

ता. क. – वर आई जेवतेय-खातेय असं लिहिलंय ते निशा मागून वाचत होती म्हणून. आई नीट जेवत नाही.

ता. क. – मामा, एक काम होतं. तुमच्या गुडघ्यांचं निमित्त करून आईला परभणीला बोलावून घ्या. पत्र तिच्या नावानं टाका, मी सांगितलं असं कळू देऊ नका. तिला वाटायला हवं की तिकडं तिची गरज आहे. लौकर टाका.

ता. क. – कारण सांगतो. कुंपण घातलं तरी ती रोज दुपारी खाली जाऊन येते. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रागावलो. ती म्हणाली, “घाबरू नको, आता तिथं नुसती हवा आहे.” असं म्हणाली जसं कुणी घर सोडून गेल्याचं सांगावं. टाकी पलीकडं बसवून झालीय, पुढच्या आठवड्यात टँकर येतो. आईला तारीख कुणी सांगितलेली नाही. काल तिनं मॅडमचा हात धरून विचारलं, “पोरी, टाकी परत कधी भरायची?” मॅडमना वाटलं म्हातारी भ्यालीय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि धीर दिला की आजी, इतक्यात नाही. आई उठून आत गेली, भिंतीकडं तोंड करून पडली, आणि रात्रभर तिचे डोळे उघडे होते.